पाकिटातले जिवाणू आणि खडीतले जिवाणू



शोषखड्ड्याबद्दल आपण बरंच बोललो आहोत. मुरमाड जमीन असेल तर त्याच्यासारखं सोपं आणि स्वस्त काही नाही. पण काळ्या चिकण मातीच्या गावात शोषखड्डा दोन पावसाळ्यांत हात टेकतो. पाणी मुरत नाही, खड्डा तुंबतो आणि पुन्हा गटार रस्त्यावर येतं. नदीकाठच्या आणि विहिरींना वर पाणी असलेल्या गावांत तर घाण पाणी जमिनीत सोडणंच धोक्याचं, कारण ते आपल्याच हापशातून परत वर येतं. अशा गावांसाठी दुसरा मार्ग आहे पाणथळ वाफ्याचा. कोणी त्याला रूट झोन म्हणतात, कोणी कर्दळीचा वाफा म्हणतात. आज धडा त्याचाच, पण बांधकामापेक्षा त्यातल्या न दिसणाऱ्या जिवांचा जास्त.

कारण असं, की वाफा बांधून झाला की लवकरच गावात कोणीतरी पिशवी घेऊन येतो. पिशवीत भुकटी किंवा कॅनमध्ये तपकिरी पाणी. "हे बॅक्टेरिया कल्चर आहे, दर महिन्याला टाका, वास जाईल, पाणी काचेसारखं होईल." सरपंच म्हणतात, देखभाल ग्रामसंघाकडे आहे, तुम्ही ठरवा. आणि मग बैठकीत वहीवर आकडा येतो. समजा महिन्याला 3,000 रुपयांचा माल, तर वर्षाला 36,000. एवढ्या पैशात वाफ्याची देखभाल करणाऱ्या ताईला दर महिन्याला मजुरी देता येते. म्हणून हो म्हणायच्या आधी त्या पिशवीतलं काय चालतं, कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, हे आपल्याला नीट कळलं पाहिजे.

वाफ्यात नेमकं काम कोण करतं

आधी वाफा कसा असतो ते थोडक्यात. घरांचं सांडपाणी, म्हणजे मोरीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी, आधी जाळीतून आणि मग गाळटाकीत येतं. संडासाचं मैलापाणी यात घ्यायचं नाही, त्याची व्यवस्था वेगळी. गाळटाकीत माती, राख, खरकटं खाली बसतं, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी वाफ्यात जातं. वाफा म्हणजे साधारण दोन फूट खोल खड्डा. खाली शेततळ्याचा कागद किंवा सिमेंट, आत येण्याच्या तोंडाशी मोठे दगड, मग पूर्ण लांबीभर खडी. खडीत कर्दळ, रामबाण, नळ किंवा लव्हाळा लावलेला. पाणी खडीच्या वरच्या थराखाली तीन-चार इंच राहतं, वर दिसत नाही. म्हणून डास होत नाहीत.

लोक येऊन बघतात आणि म्हणतात, कर्दळ घाण पाणी पिते. अर्धं खरं आहे. झाड आपल्या वाढीपुरतं नत्र-स्फुरद घेतं, पण घाणीतला मोठा वाटा झाड खात नाही. तो वाटा खातात जिवाणू. नाल्यातला एखादा दगड उचलून बोट फिरवा, बुळबुळीत लागतो ना? तो थर म्हणजे जिवाणूंची वस्ती. ते स्वतःच्या चिकट रसाने दगडाला धरून बसतात आणि शेजारून जाणाऱ्या पाण्यातली साबणाची मळी, पेज, तेल, खरकट्याचे कण पकडून खातात. वाफ्यातल्या प्रत्येक खड्याला असा थर येतो. एक हिशेब करून बघा. 100 माणसांसाठी 100 चौरस मीटरचा, 60 सेंटिमीटर खोल वाफा केला, तर त्यात 60 घनमीटर खडी बसते. 20 एमएमची खडी आणि दाणे गोल धरले, तर त्या सगळ्या खड्यांची पाठ मिळून जवळजवळ तीन एकर भरते. शंभर चौरस मीटरच्या जागेत तीन एकरांचं शेत, आणि त्यावर पेरणी आपोआप झालेली. हेच या वाफ्याचं भांडवल.

मग झाड कशासाठी? रामबाणाचं पान आडवं कापून बघा. आत मधाच्या पोळ्यासारखे पोकळ कप्पे दिसतात. चिखलात उभं राहणाऱ्या झाडांना मुळांपर्यंत हवा पोचवायला अशा नळ्या असतात. त्यातली थोडी हवा मुळांच्या टोकांतून बाहेर झिरपते. त्यामुळे मुळाच्या अगदी जवळ हवा खाणारे जिवाणू राहतात आणि जरा दूर, खडीच्या पोटात, हवेशिवाय जगणारे. दोघेही लागतात. मोरीच्या पाण्यातल्या लघवीचा, घामाचा आणि खरकट्याचा अमोनिया होतो. हवेत राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. बिनहवेचे जिवाणू त्या नायट्रेटचा साधा नायट्रोजन वायू करून हवेत सोडून देतात. एकाने दळायचं, दुसऱ्याने भाजायचं, असा हा संसार आहे. एकटी जात आणून भागत नाही.

हे सगळं कोणी शोधलं? जर्मनीत प्लोन गावच्या माक्स प्लांक संस्थेत केटे झायडल नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी 1950 च्या दशकात पाण्यात उगवणाऱ्या लव्हाळ्यासारख्या झाडांवर प्रयोग केले. घाण पाण्यात ही झाडं मरत नाहीत, उलट पाणी सुधारतं, हे त्यांनी दाखवलं. तेव्हा बऱ्याच इंजिनिअर लोकांना ते पटलं नव्हतं. आपल्याकडे नागपूरच्या नीरी संस्थेने याच धर्तीवर 'फायटोरिड' नावाची पद्धत तयार केली आहे. आणि हे चालतं याचा मोठा दाखला कोलकात्याच्या पूर्वेला आहे. तिथे सुमारे 12,500 हेक्टरांच्या पाणथळ पट्ट्यात शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत येतं, ऊन, शेवाळ आणि जिवाणू त्यावर काम करतात आणि त्याच तळ्यांत मासेमारी चालते. 2002 मध्ये या जागेला रामसर करारात जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींमध्ये जागा मिळाली. तिथे जिवाणूंची पिशवी कोणी ओतलेली नाही.

विरजणाचा विचार

आता तुम्ही म्हणाल, दुधाला विरजण लावतो तसं पाण्याला लावलं तर काय बिघडलं? चांगला प्रश्न आहे, आणि उत्तरही दुधातच आहे.

आपण विरजण कधी लावतो? दूध तापवून, कोमट झाल्यावर. तापवल्यामुळे दुधातले बहुतेक जंतू मेलेले असतात. घर रिकामं, अन्न भरपूर, आणि आपण चमचाभर विरजण घालतो. त्यातल्या जिवाणूंना भांडायला कोणी नसतं, म्हणून सकाळपर्यंत दही लागतं. तेच विरजण न तापवलेल्या, दोन दिवस उघड्या राहिलेल्या दुधात घाला. दही लागेल की नासेल, सांगता येत नाही.

गावाचं सांडपाणी म्हणजे कधीच न तापवलेलं दूध. त्यात जिवाणू आधीच ठासून भरलेले. किती, याचा अंदाज करू. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज 55 लिटर पाणी. त्यातलं साधारण 65 टक्के सांडपाणी होतं. 100 माणसांचं झालं सुमारे 3,600 लिटर. अशा पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये दहा लाख जिवाणू धरू. ही संख्या मी मुद्दाम कमी धरली आहे. तरी रोजच्या 3,600 लिटरमध्ये साडेतीन लाख कोटींहून जास्त जिवाणू होतात. आता पिशवी घ्या. पिशवीवर 'एका ग्रॅममध्ये 100 कोटी जिवाणू' असं छापलेलं असलं आणि ते सगळे जिवंत निघाले, तरी एका किलोत होतात एक लाख कोटी. म्हणजे महिन्यातून एकदा किलोभर पिशवी टाकायची, आणि त्याच्या तिप्पट-चौपट जिवाणू आपल्या मोऱ्या रोज फुकट पाठवतात. खडीवर आधीच बसलेले तर मोजलेच नाहीत.

त्यात हे नवे पाहुणे कारखान्यात गोडधोड खाऊन वाढलेले असतात. वाफ्यात आले की जागा भरलेली, अन्नावर जुन्यांचा ताबा. पाण्यातले जरा मोठे एकपेशीय जीव त्यांना खातात. जे दगडाला धरू शकत नाहीत ते पाण्याबरोबर पुढे वाहून जातात. बाहेरून सोडलेले जिवाणू थोड्या दिवसांत दिसेनासे होतात, ही अडचण जगभरच्या संशोधकांना वारंवार आलेली आहे. म्हणूनच विक्रेता "दर महिन्याला टाका" म्हणतो. जे एकदा टाकून वस्तीला राहतं, ते दर महिन्याला का टाकावं लागेल, हा प्रश्न त्याला जरूर विचारा.

आणि एक. काही जण सांगतात, भुकटी गुळाच्या पाण्यात दोन दिवस फुलवा आणि मग ओता. जपानच्या ओकिनावा बेटावरचे तेरुओ हिगा यांनी 1980 च्या सुमारास 'ईएम' नावाचं मिश्रण पुढे आणलं. ताकातले असतात तसे जिवाणू, यीस्ट आणि उजेडावर जगणारे जिवाणू असं त्यात असतं. त्याच धर्तीचं बरंच काही आता बाजारात मिळतं. त्याचं पाणी आंबट होतं, आणि आंबटपणाने कुजका वास काही काळ दबतो हे खरं. पण वास दबला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही. उलट गूळ म्हणजे जिवाणूंचं अन्नच, ते आपण पाण्यात आणखी वाढवून ठेवलं. वाफा आधीच जेवणाने सुस्त झालेला असताना त्याला पुरणपोळी वाढण्यातला प्रकार.

मग बाहेरचे जिवाणू कधीच उपयोगाचे नाहीत का?

असं म्हणणं चूक होईल. उपयोग आहे, पण विशिष्ट ठिकाणी.

जिथे अन्नच अवघड आहे, तिथे ते खाणारा आणावा लागतो. आपल्या मोरीतून येणाऱ्या जिवाणूंना पेज पचते, कच्चं खनिज तेल सहज पचत नाही. दिल्लीच्या टेरी संस्थेने असं तेल खाणाऱ्या जिवाणूंचं 'ऑइलझॅपर' नावाचं मिश्रण तयार केलं आणि तेल कंपन्यांच्या गाळावर ते वापरलं जातं. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल सांडलं, तेव्हाही किनारा साफ करायला ते वापरलं होतं. पाकिस्तानात फैसलाबादच्या जैवतंत्रज्ञान संस्थेने तरंगत्या पाणथळींवर काम केलं आहे. तरंगत्या चटईवर झाडं लावून ती घाण पाण्याच्या तळ्यात सोडायची, आणि मुळांना त्या-त्या घाणीवर तयार केलेले जिवाणू लावायचे. तेलविहिरीच्या पाण्याच्या तळ्यांतही त्यांनी हे केलं. यात लक्षात घ्यायची गोष्ट ही, की जिवाणू नुसते पाण्यात ओतले नाहीत, झाडाच्या मुळाला लावले, म्हणजे त्यांना राहायला घर दिलं. आणि निवडताना त्या पाण्यातलं नेमकं काय खायचं ते बघून निवडले. आपल्या गावात गॅरेजचं ऑइल, कापड रंगवण्याच्या युनिटचं पाणी असं काही गटारात येत असेल, तर तो वेगळा विषय आहे. त्याचं पहिलं उत्तर पाणी वेगळं काढणं, गावच्या वाफ्यात न घेणं. त्यानंतर तज्ज्ञाला विचारून खास जिवाणूंचा विचार.

दुसरं ठिकाण म्हणजे थंडी. संरक्षण खात्याच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने बर्फाळ भागातल्या जवानांसाठी थंडीत काम करणारे जिवाणू शोधून संडासाच्या टाक्या बनवल्या. पुढे हेच तंत्र रेल्वेच्या डब्यांत आलं, तुम्ही प्रवासात बघितलं असेल. पण रेल्वेचा पुढचा अनुभवही ऐका. लेखापरीक्षकांच्या 2017 च्या अहवालात या संडासांच्या तुंबण्याच्या फार तक्रारी नोंदल्या आहेत. बाटल्या, कापड, पॅड आत टाकले जातात आणि यंत्रणा अडते. जिवाणू कितीही निवडक असले तरी बाटली पचवत नाहीत. आपल्याकडे बर्फ नाही, त्यामुळे पहिली गरज आपल्याला नाही. बाटल्यांचा धडा मात्र पुरता लागू आहे.

तिसरं ठिकाण आपल्या कामाचं आहे: नवा वाफा. नवी धुतलेली खडी म्हणजे ओसाड माळ. पेज-साबण खाणारे जिवाणू लवकर वाढतात, त्यांची संख्या अर्ध्या-एक तासात दुप्पट होऊ शकते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो. पण अमोनियाचं नायट्रेट करणारे फार सावकाश वाढतात, त्यांना दुप्पट व्हायला एखादा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून नव्या वाफ्याला पूर्ण वयात यायला दोन-तीन महिने लागतात. इथे विरजण खरोखर कामाचं, आणि ते विकत घ्यावं लागत नाही. शेजारच्या गावात वर्षभर नीट चालणारा वाफा असेल तर तिथल्या खडीच्या पाच-दहा पाट्या ओल्याच आणायच्या, उन्हात वाळू द्यायच्या नाहीत, आणि आपल्या वाफ्याच्या तोंडाकडच्या भागात मुळांजवळ मिसळायच्या. तसा वाफा जवळ नसेल तर कर्दळ-रामबाण रोपवाटिकेतून धुतलेल्या मुळांची आणण्याऐवजी गावच्याच ओढ्यातून, मुळांच्या गड्ड्यासकट आणा. त्या गड्ड्यात सगळं कुटुंब असतं. गोबरगॅस सुरू करताना चालू संयंत्रातली थोडी स्लरी आणून टाकतात, तीच ही युक्ती.

बुरशीचं काय?

कृषी सेवा केंद्रात 'मायकोरायझा' मिळतो, तो तुमच्यातल्या काहींनी डाळिंबाला, हळदीला वापरला असेल. ही बुरशी झाडाच्या मुळात शिरून राहते, बाहेर बारीक धागे पसरते, लांबचा स्फुरद आणून झाडाला देते आणि बदल्यात झाडाकडून साखर घेते. मग वाफ्यातल्या कर्दळीला का नको? दोन कारणं आहेत. या बुरशीला हवा लागते, पाण्यात बुडालेल्या मुळांत ती कमी वाढते. आणि दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्फुरद कमी असतो तेव्हाच झाड तिला ठेवून घेतं. सांडपाण्यात, त्यातही राख, खरकटं आणि धुण्याची पावडर असलेल्या पाण्यात, स्फुरद आयता मिळतो. घरात धान्याची कणगी भरलेली असताना कोणी उसनं आणायला माणूस ठेवत नाही. संशोधक मायकोरायझाचे प्रयोग करतात ते जास्त करून शिसं, कॅडमियम असल्या जड धातूंच्या किंवा खारट पाण्याच्या वाफ्यांवर, झाडाला तग धरता यावा म्हणून. साध्या गावठी सांडपाण्याला त्यावर पैसे घालू नयेत असं मी सांगेन. फार हौस असेल तर रोपं पिशवीत असताना चिमूटभर मुळाशी घाला, तेवढं पुरे.

दुसरी बुरशी आपल्या ओळखीची, धिंगरी. धिंगरी अळंबी ही लाकूड खाणाऱ्या बुरशींच्या कुळातली. लाकडातला जो चिवट भाग बहुतेक जिवाणूंना तुटत नाही, तो ती रस सोडून तोडते. त्याच रसाने कापडाचे काही रंगही तुटतात, म्हणून रंगाच्या पाण्यावर अशा बुरशींचे प्रयोग प्रयोगशाळांत बरेच झाले आहेत. हे ऐकून कोणी धिंगरीच्या काढणीनंतर उरलेले बेड वाफ्यात टाकायला जाईल, म्हणून आधीच सांगते: टाकू नका. ही बुरशी पाण्याखाली गुदमरते. भिजलेला भुसा कुजून पाणी चहासारखं तपकिरी होतं, खडी तुंबते आणि वाफ्यावर नवाच भार येतो. उरलेल्या बेडचं गांडूळखत करा. आणि घाण पाण्यावर उगवलेली कोणतीही अळंबी खाऊ नका, विकू तर अजिबात नका. बुरशी पाण्यातले धातू ओढून साठवते.

जिवाणू मारण्याचं काम आपणच करतो

एवढं जिवाणू विकत घ्यायचं बोलणं चालू असतं, आणि दुसरीकडे गटारात टीसीएल पावडर टाकण्याचं कामही चालूच असतं. वास आला की पंचायतीचा माणूस पिवळट भुकटी फेकून जातो. ती जंतू मारण्यासाठीच असते आणि निवड करत नाही. वाफ्याच्या वरच्या गटारात टीसीएल, फिनाइल, ॲसिड टाकायचं नाही, हा ठराव ग्रामसंघाच्या बैठकीत घेऊन पंचायतीला लेखी द्या. घरात फिनाइलचं एखादं झाकण मोरीत गेलं तर काही आकाश कोसळत नाही, शंभर घरांच्या पाण्यात ते विरून जातं. पण पोतंभर पावडर एकदम गेली तर तीन एकरांचं शेत एका दिवसात जळतं आणि पुन्हा उगवायला महिने लागतात.

वाफ्याला वास येतो तेव्हा बहुतेक वेळा जिवाणू कमी नसतात, त्यांना हवा आणि वेळ कमी पडतो. गाळटाकी भरली की गाळ थेट खडीत जातो, खडीतल्या पोकळ्या बंद होतात आणि पाणी वरून वाहू लागतं. मग डासही होतात. गाळटाकीतली साय आठवड्याला काढायची. खालचा गाळ टाकीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की उपसायचा. हातमोजे आणि गमबूट घालून. वेळेचा हिशेब तुम्ही स्वतः करू शकता. 10 लिटरच्या बादलीत वाफ्यातली खडी काठोकाठ भरा आणि मापाने पाणी ओता. साडेतीन लिटर मावलं तर पोकळी 35 टक्के. आपल्या 60 घनमीटरच्या वाफ्यात मग 21,000 लिटर पाणी मावतं. रोज 3,600 लिटर येत असेल तर पाणी आत जवळजवळ सहा दिवस राहतं, ते उत्तम. पण नळ उघडे राहून रोज दहा हजार लिटर येऊ लागलं, तर मुक्काम दोन दिवसांवर येतो. कोणतीही पिशवी हे चार दिवस परत देत नाही, नळाला तोटी बसवली तर मिळतात.

स्फुरदाबद्दलही एक भ्रम आहे. नत्राचा वायू होऊन तो निघून जातो, स्फुरदाचा होत नाही. तो खडीला चिकटतो, झाडात जातो, गाळात बसतो. म्हणून कर्दळ, रामबाण वर्षातून दोनदा कापून वाफ्याबाहेर न्यायचे, तिथेच कुजू द्यायचे नाहीत. "आमचे जिवाणू सगळं नाहीसं करतात" असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, स्फुरद कुठे जातो?

विकत घेण्याआधी स्वतः करून बघा

विक्रेत्याला आणखी काही गोष्टी विचारायच्या. आत कोणते जिवाणू आहेत, नावं लिहून द्या. ग्रॅममागे किती जिवंत, किती दिवस टिकतात, उन्हात ठेवले तर काय होतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं: भुकटी टाकलेला आणि न टाकलेला, असे दोन सारखे वाफे कुठे शेजारी शेजारी बघितलेत का? पुष्कळदा दाखवतात ते "आधी" आणि "नंतर" चे फोटो. पण नवा वाफा दोन महिन्यांत सुधारतोच, भुकटी टाका किंवा नका टाकू.

म्हणून नमुन्याचं एक पाकीट फुकट मागा आणि प्रयोग करा. तीन सारखे प्लॅस्टिकचे ड्रम अर्धे कापून घ्या, बुडाशी तोटी लावा. तिन्हींत सारखीच धुतलेली खडी, सारखी कर्दळ. गाळटाकीतलं पाणी रोज सकाळी तिन्हींत सारख्या मापाने घालायचं आणि तेवढंच खालून काढायचं. पहिल्यात काहीच मिसळायचं नाही. दुसऱ्यात विक्रेता सांगेल त्या मापाने भुकटी. तिसऱ्यात चालू वाफ्यातली किंवा ओढ्यातली चिकट खडी, दोन ओंजळी. कोणत्या ड्रममध्ये काय आहे हे एका ताईनेच वहीत लिहून ठेवावं, तपासणाऱ्यांना सांगू नये, म्हणजे मन आधीच एका बाजूला झुकत नाही.

तपासणीसाठी डेअरीची युक्ती वापरा. दूध संकलन केंद्रात दुधात निळं औषध घालून रंग किती वेळात जातो ते बघतात, ते मिथिलिन ब्ल्यू. जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर जातो. सांडपाण्यालाही ही जुनी परीक्षा लावतात. पारदर्शक बाटली त्या पाण्याने तोंडापर्यंत भरायची, हवा राहू द्यायची नाही, निळ्याचे थेंब तिन्ही बाटल्यांत सारखे मोजून घालायचे, बूच घट्ट लावायचं आणि कपाटात अंधारात ठेवायचं. ज्या पाण्यात घाण उरली आहे, तिथले जिवाणू प्राणवायू संपवतात आणि रंग उडतो. स्वच्छ पाण्यातला निळा रंग दिवसच्या दिवस टिकतो. एक बाटली गाळटाकीतल्या न झिरपलेल्या पाण्याचीही ठेवा, तुलनेला. पक्का आकडा हवा असेल तर शेवटी एकदा जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बीओडी करून घ्या. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याला लिटरला 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती डोळ्यांसमोर ठेवा. कोणत्याही ड्रममधलं पाणी कितीही निवळ दिसलं तरी ते पिण्याचं नाही, आणि कच्च्या खायच्या भाजीलाही घालायचं नाही. फुलझाडं, बांध, नारळ यांना चालतं.

प्रयोग पावसाळा संपल्यावर, दिवाळीनंतर सुरू करा. पावसाचं पाणी मिसळलं की तिन्ही ड्रम सारखेच स्वच्छ दिसतात. आठ आठवडे चालवा, दर रविवारी बाटल्या भरा. वहीत पाच रकाने पाडा: तारीख, ड्रमचा नंबर, वास, पाण्यातून छापील अक्षर वाचता येतं का, आणि निळा रंग किती तासांनी गेला. ती वही बैठकीत विक्रेत्यासमोर ठेवा आणि मग खरेदीचा ठराव मांडा.